गावाला घर हाय

महाडचं ते प्रकरण माझ्या मनातून अजून गेलेलं नाही. त्यात खून नव्हता, दरोडा नव्हता, कुणाच्या हातात बेड्याही पडल्या नाहीत. आम्ही निवृत्त मंडळी जमलो की जो तो आपली गाजलेली केस सांगतो. माझी पाळी आली की मी ही सांगतो आणि सगळे हसतात. "अहो, ही काय पोलीस केस झाली?" म्हणतात. हसू देत. त्यांना दरोडेखोर भेटले, मला एक कांडण करणारी बाई भेटली. तिच्यापायी मला जेवढं डोकं चालवावं लागलं, तेवढं दरोडेखोरांपायी कधी लागलं नाही.

साठ सालाच्या पुढेमागे घडलेली ही गोष्ट. जिल्ह्याला तेव्हा कुलाबा म्हणत. मी महाड ठाण्याला फौजदार होतो. मूळचा देशावरचा, त्यामुळे कोकणातल्या चालीरीती मला नोकरी करता करताच कळल्या. कुणाचंही नाव इथे देत नाही. संबंधित माणसं आता नसतील, पण त्यांची मुलंबाळं आहेत.

महाडात त्या काळी सरकारी मदतीतून गरिबांसाठी काही घरं बांधली गेली होती. दोन खोल्यांची, कौलारू, कमी भाड्याची. जागा उंचावर होती, म्हणजे सावित्रीला पूर आला तरी पाणी तिथवर पोचणार नव्हतं. महाडकराला यापेक्षा मोठं सुख सांगायचं कारण नाही. घरं थोडी आणि मागणारे फार, म्हणून वाटप करणाऱ्या समितीनं अटी घातल्या. अर्जदार निदान दहा वर्षं महाडात राहत असला पाहिजे आणि त्याला दुसरीकडे कुठेही घर असता कामा नये. गावची घरं आधी गावच्या माणसांना, असा त्यामागचा साधा हिशोब. मला तो तेव्हा पटला होता आणि आजही पटतो.

पण अट आली की पळवाट आलीच. मुंबईत गिरणीत वर्षानुवर्षं काढलेले लोक एकाएकी महाडचे रहिवासी झाले. एकानं मामाच्या गोठ्याला खिडकी बसवली आणि आपण तिथे लहानपणापासून राहतो असं सांगितलं. चौकशीला गेलो तर खिडकीतून म्हैस बघत होती. अशा संशयित अर्जांची चौकशी आमच्या ठाण्याकडे यायची. खरं सांगायचं तर त्या कामाचा मला कंटाळा आला होता.

सकाळची हजेरी झाली की टपाल फोडायचं, हा आमचा ठाण्यातला शिरस्ता. एका सकाळी त्यात एक निनावी अर्ज निघाला. अक्षर वळणदार, भाषा साफ. त्यात लिहिलं होतं की अमुक आळीत कांडणाचं आणि पाण्याचं काम करणाऱ्या बाईचं नाव घरांच्या यादीत आलं आहे. ही बाई महाडात येऊन जेमतेम तीन वर्षं झाली, त्याआधी ती मुंबईत होती. पोलादपूरच्या वरच्या अंगाला तिच्या गावी तिचं स्वतःचं घर आहे. दर शिमग्याला ती त्या घरी जाते आणि देवीची पालखी तिच्या दारी येते. सबब तिनं सरकारची फसवणूक केली आहे, तरी योग्य ती कारवाई व्हावी.

निनावी अर्ज करणारा माणूस बहुधा जवळचाच असतो, हा माझा नोकरीतला अनुभव. लांबच्या माणसाला एवढी माहितीही नसते आणि एवढा रागही नसतो. पण अर्ज खोटा म्हणून बाजूला टाकता येत नव्हता. समितीची बैठक जवळ आली होती. तोवर चौकशीचा अहवाल गेला नाही तर बाईचं नाव कापून खालच्या माणसाला घर देणार, असं मला कळवलं होतं.

बाईला बोलावलं. हवालदाराबरोबर ती आली आणि दाराशीच उभी राहिली. तिशीची असेल. अंगावर धुवट लुगडं, हाताला मुसळाचे घट्टे. भ्यायलेली होती, पण नजर चोरत नव्हती.

"बाई, गावाला घर आहे तुझं?" मी सरळच विचारलं.

"हाय की."

"तुझं स्वतःचं?"

"माजंच. घरधनी गेले, आता माजंच."

"पालखी येते दारात?"

"येते तर. दर साली येते." हे सांगताना तिची मान ताठ झाली.

मी तिच्या अर्जातला मजकूर वाचून दाखवला. इतरत्र घर नाही, असं त्यात स्पष्ट होतं. ती गोंधळली.

"कचेरीपुढं बसतात ना, त्यांनी लिवलं ते. मला इचारलं बी नाय. आंगठा दे म्हनाले, दिला."

"महाडात कधीपासून आहेस?"

"पोर अंगावर पीत होती तवापासून. काकूंच्या पडवीत ऱ्हाते."

"पोर कुठे आहे?"

आता मात्र तिनं मान खाली घातली. "माज्या आयेकडं, गावाला. काकूंकडं पोर चालत नाय. शिमग्याला जाते तवा बघते. वरसाचं एकदाच. घर गावलं म्हंजे आणीन तिला. त्याच्यासाठी तर अर्ज केला, साहेब. आये थकली आता. ती गेली तर पोरीनं जायचं कुनाकडं?"

ती गेल्यावर मी हवालदाराकडे बघितलं. हा हवालदार वरंधकडचा, वयानं माझ्यापेक्षा मोठा, बोलायला मोकळा. मी म्हटलं, "हवालदार, प्रकरण संपलं. बाईनं स्वतःच्याच तोंडानं कबूल केलं."

तो विडी विझवत म्हणाला, "साहेब, ह्या डोंगरात कुणालाबी इचारा, गावाला घर हाय का? हाय म्हनंल. नाय म्हननारा मला अजून भेटला नाय."

"म्हणजे काय?"

"म्हंजे बघून या एकदा. शिमगा तर आलाच हाय."

त्याआधी आळीत जाऊन जबाब घ्यायचे होते. बाई ज्यांच्या पडवीत राहत होती त्या काकू म्हणजे एका व्यापाऱ्याच्या विधवा. आळीतल्या अर्ध्या खोल्या त्यांच्याच मालकीच्या. मुलगा नोकरीनिमित्त मुंबईत, घरात त्या एकट्या. वयानं मोठ्या, घराण्यातल्या, त्यांना ठाण्यावर बोलवणं बरं दिसेना, म्हणून मीच त्यांच्या घरी गेलो. काकूंनी मला लाकडी खुर्ची दिली, सरबत दिलं आणि शांतपणे सांगितलं, "तीन वर्षं झाली तिला येऊन. आधी मुंबईला होती म्हणे. स्वभावानं बरी आहे हो, पण खोटं ते खोटं."

शेजारच्या तिन्ही बिऱ्हाडांनी हेच सांगितलं. अगदी हेच. "तीन वर्षं झाली तिला येऊन. आधी मुंबईला होती म्हणे." तिघांच्या तोंडी तेच शब्द, त्याच क्रमानं. खरं बोलणारी माणसं कधी एकसारखं बोलत नाहीत. एकाला पावसाळा आठवतो, दुसऱ्याला लग्न आठवतं, तिसरा दोघांना चूक ठरवतो. इथे पाणी मुरतंय हे मला तिथेच कळलं. पण कुठे, ते कळत नव्हतं. शिवाय काकूंचं काय चुकलं म्हणावं? बाई स्वतःच घर आहे म्हणत होती.

शिमग्याला मी आणि हवालदार साध्या कपड्यांत निघालो. पोलादपूरपर्यंत एस.टी., मग आंबेनळी घाटाच्या अंगानं पायवाट. बाई आपल्या घरात पालखी घेताना दिसली की पंचनामा करायचा, असं ठरवून मी चाललो होतो. उन्हाच्या झळा लागत होत्या, हवालदार माझ्यापुढे बकरीसारखा चढत होता आणि मी मनातल्या मनात त्या निनावी अर्जवाल्याला शिव्या देत होतो.

गाव म्हणजे डोंगराच्या उतारावर पसरलेली वीस-पंचवीस घरं. एरवी निम्म्या घरांना कुलपं असायची, पण शिमग्याला सगळी उघडलेली. मुंबईहून आलेले गडी टेरिलीनचे शर्ट घालून पालखीला खांदा द्यायला पुढे सरसावत होते. पोलीस पाटलाला मी गाठलं आणि कोण ते सांगितलं. तो म्हणाला, "आता काय बोलू नका, साहेब. पालखी फिरून होऊ दे." म्हणून आम्ही गर्दीतून मागे मागे चाललो.

पालखी घरोघर जात होती. प्रत्येक घरी पाट मांडलेला, घरधनीण ओटी भरायची, नारळ फुटायचा आणि गावकर, म्हणजे गावचा मानकरी, त्या घराच्या वतीनं देवीला गाऱ्हाणं घालायचा. कुणाची नोकरी, कुणाचं पोट दुखणं, कुणाला मुलगा हवा. सगळं गाव ऐकत असायचं. लाजलज्जा काही नाही. मला मौज वाटत होती.

घरं संपत आली. मग पालखी वाट सोडून करवंदीच्या जाळीकडे वळली. तिकडे मला घर दिसेना. पुढे जाऊन बघतो तर उघड्यावर एक जोतं. दगडांचं, गुडघाभर उंच, कडेचे दगड निसटलेले. भिंत नाही, खांब नाही, छपराचा वासा नाही. पण जोतं शेणानं स्वच्छ सारवलेलं, वर रांगोळी, मधे पाट. आणि बाजूला हातात ताट घेऊन ती बाई उभी, तिच्या पदराला धरून दहा-बारा वर्षांची मुलगी.

मला नवल वाटलं ते पुढच्या गोष्टीचं. जोतं चारही बाजूंनी मोकळं. पालखी जवळच्या बाजूनं चढवली असती तरी कुणी अडवणार नव्हतं. पण पालखीवाले वळसा घालून समोर गेले, एके ठिकाणी थांबले, पालखी जराशी खाली झुकवली आणि तिथूनच आत आले. तिथे कधीकाळी दार होतं. दाराची चौकट डोक्याला लागू नये म्हणून ते वाकले होते.

गावकरानं गाऱ्हाणं घातलं, "बा म्हाराजा, ही तुजी लेक पोटासाठी खाली गेलीय. तिचं दार उगडं ठेव. तिची आन तिच्या पोरीची ताटातूट झालीय, ती मिटव रं म्हाराजा." सगळे गडी एका आवाजात "व्हय म्हाराजा" म्हणाले. मुंबईचे टेरिलीनवालेसुद्धा.

मी नोकरीत पुष्कळ बघितलं होतं, चटकन हलणारा माणूस नव्हतो. पण तिथे मला वाईट वाटलं. आणि मी हिला रंगेहाथ पकडायला आलो होतो, याची लाजही वाटली.

पालखी गेल्यावर बाईची नजर माझ्याकडे गेली. तिचा चेहरा उतरला. पण क्षणभरच. पाहुणा दारी आला होता, तेव्हा रीत पाळणं भाग होतं. "साहेब, तुमी? या की, घरात या," ती म्हणाली. हवालदारानं दाराच्या जागेपाशी चपला काढल्या. मग मीही काढल्या. तिनं आम्हाला पाटावर बसवलं आणि खोबऱ्याचा तुकडा हातावर ठेवला.

"घर कधी पडलं?" मी विचारलं.

"घरधनी गेले त्याच्या मागनं. शाकाराय कोन व्हतं? दर साली पेंढा घालावा लागतो. दोन पावसाळं गेलं आन बसलं." जसं काही घर दमून खाली बसलं होतं, आणि उठेल केव्हातरी, अशा सुरात ती बोलत होती.

पोलीस पाटलानं मला नंतर समजावलं. गावाची रीत अशी की पालखीच्या फेरीतलं घर गळू द्यायचं नाही. घर पडो, माणसं मुंबईला जावोत, पण त्या घरचं कुणीतरी शिमग्याला जोत्यावर उभं राहिलं पाहिजे. कुणी आलं नाही तर पालखी सरळ पुढे जाते, आणि एकदा सरळ गेली की परत वळत नाही. मग त्या घराचं गावात काही उरलं नाही असं समजायचं. म्हणून ही बाई धडपडत दरसाल यायची. दुसऱ्या दिवशी पंचांसमक्ष आम्ही जोत्याचा पंचनामा केला. भिंत नाही, छप्पर नाही, राहण्याजोगी वास्तू नाही.

अर्धं काम झालं. गावकऱ्यांनी एवढंही सांगितलं की बाई गाव सोडून खाली गेली त्याला पुष्कळ वर्षं झाली. पण खाली म्हणजे महाडात की मुंबईत, ते कुणाला छातीठोक सांगता येईना. ती महाडलाच आहे म्हणते, एवढंच त्यांना माहीत. दहा वर्षांच्या अटीचा प्रश्न तसाच राहिला.

परतीच्या वाटेवर हवालदार म्हणाला, "साहेब, एक इचारू? हिच्या दारी पालखी येते हे महाडात कुनाला ठावं असंल?"

मी तोच विचार करत होतो. आळीत कामं करून पडवीत निजणाऱ्या बाईच्या गावच्या पालखीशी कुणाचं काय देणंघेणं? हे माहीत असणार ते फक्त एका माणसाला. जिच्याकडे बाई दर शिमग्याला रजा मागायची तिला.

दोन दिवसांनी मी पुन्हा काकूंकडे गेलो. सोबत आळीतले दोन प्रतिष्ठित गृहस्थ पंच म्हणून घेतले. या वेळी बाईचा विषयच काढला नाही. चौकशीत एक गोष्ट मी शिकलो होतो. ज्या प्रश्नाची माणसानं तयारी केलेली असते तो प्रश्न विचारून काही हाती लागत नाही. काकूंच्या माजघराच्या भिंतीवर छातीच्या उंचीवर एक गेरूची रेघ होती. मी ती रेघ बघत म्हटलं, "काकू, ही पुराची खूण ना?"

काकूंचा चेहरा खुलला. महाडच्या माणसाला पुराबद्दल विचारा, मग त्याला थांबवणं अवघड. आणि पूर सांगताना आपल्याबरोबर माळ्यावर कोण कोण होतं हे सांगितल्याशिवाय तिथल्या कुणाचीही गोष्ट पुरी होत नाही. तिथे तीच रीत आहे. माळ्यावरची माणसं मोजतच पूर सांगतात.

"तुम्ही तेव्हा नव्हता इथे," काकू म्हणाल्या. "पाणी उंबऱ्याला लागलं तशी हे म्हणाले, चला वर. आम्ही सगळे माळ्यावर. मी, हे, आमचा मुलगा, शेजारची बाळंतीण आणि तिची सासू. सगळं घर पाण्यात. आणि पडवीतली ही. ही तांदळाचा डबा पाठीवर घेऊन शिडी चढली हो. वर चूल मांडली, ओल्या लाकडांवर पेज शिजवली. धुरानं आमचे डोळे गेले, पण हिनं कुणाला उपाशी ठेवलं नाही. हिची पोर तान्ही, ती माझ्या मांडीवर निजलेली. बाहेर पाण्याचा आवाज आणि मी पोरीच्या कानांवर हात ठेवून..."

काकू थांबल्या. मांडीवर ठेवलेला हात त्यांनी उचलून घेतला. दोघे पंच एकमेकांकडे बघत होते.

"काकू," मी हळूच विचारलं, "काकांना जाऊन किती वर्षं झाली?"

"दहा होतील," त्या म्हणाल्या. आवाज अगदी बारीक झाला होता. पूर त्याच्याही आधीचा, हे आळीतल्या पोरालाही माहीत होतं.

"अर्ज तुम्ही लिहवून घेतलात?"

त्यांनी नाही म्हटलं नाही. कोपऱ्यातल्या बिऱ्हाडातल्या मास्तरांकडून लिहवून घेतला, म्हणाल्या. बाकीच्यांना काय बोलायचं ते त्यांनीच सांगितलं होतं. भाडेकरू ते, मालकिणीपुढे काय बोलणार?

"सरकारी नोकराला खोटी माहिती देणं हा गुन्हा आहे, काकू. माहीत आहे ना?"

"घाला मला तुरुंगात," त्या म्हणाल्या. "फौजदारसाहेब, सकाळी उठताना गुडघे धरतात माझे. ती हात देते तेव्हा मी उठते. मुलगा चार-सहा महिन्यांनी तोंड दाखवतो. तिला घर मिळालं की ती जाणार. मग मला उठवणार कोण?"

"आणि तिची पोर?"

काकू म्हणाल्या, "चालायला लागली तशी सगळीकडे हात लावायची. सोवळ्याओवळ्याचं घर आमचं. मीच म्हटलं, गावाला पाठव." एवढं बोलून त्यांनी पदर डोळ्यांना लावला.

मला त्या म्हातारीचा राग यायला हवा होता. आला नाही असं नाही. पण रागावर कीवच जास्त. माणूस लोभासाठी खोटं बोलतो हे आम्ही पोलीस धरूनच चालतो. एकटं पडण्याच्या भीतीनं बोललेलं खोटं ओळखायला आम्हाला कुणी शिकवत नाही. मी त्यांचा नवा जबाब लिहून घेतला. मग भाडेकरूंना एकेक करून बोलावलं. आता प्रत्येकाला वेगवेगळं आठवायला लागलं. कुणाला बाई आली तेव्हाचा गणपती, कुणाला आपल्या मुलाची मुंज. एकानं दुसऱ्याला खोडूनही काढलं. तेव्हा माझी खात्री पटली.

आता फक्त बाईचा जबाब राहिला. हे शेवटचं काम सोपं, असं मी समजत होतो. आणि तिथेच गाडी अडली.

"लिही," मी रायटरला, म्हणजे आमच्या कारकुनाला म्हटलं. "माझे गावी घर नाही."

"हाय," बाई म्हणाली.

"अगं बाई, ते जोतं आहे. घर नाही."

"साहेब, तुमी बसलात तिथं. चपला काडून बसलात." ती माझ्याकडे असं बघत होती की जणू मीच खोटा जबाब देतोय. "पालखी थांबते तिथं. नाय कसं म्हनू?"

मी तिला समजावलं. नाही म्हटलं तर घर मिळेल, पोर मिळेल. आहे म्हटलं तर नाव कापलं जाईल. हवालदारानं तिच्या भाषेत समजावलं. ती ऐकत होती, डोळ्यांतून पाणी गळत होतं, पण मान हलवत होती ती आडवीच.

"नाय म्हनले आन देवीनं ऐकलं तर? फुडल्या साली पालखी सरळ गेली तर? मी मेल्यावर पोरीनं कुटं उभं ऱ्हायचं?" तिनं पदरानं नाक पुसलं. "नगं मला ते घर. ऱ्हाईन पडवीत."

मला संताप आला. दोन आठवडे पायपीट केली, डोंगर चढलो, म्हातारीला रडवलं, आणि ही बया एक शब्द बोलायला तयार नाही. मी उठून व्हरांड्यात गेलो. चहा मागवला. चहा पिता पिता डोकं शांत झालं आणि मला कळलं की अडून बसली आहे ती मी घातलेल्या शब्दांवर. हे शब्द आमचे, कचेरीतले. तिला खरं तेच सांगायचं होतं, आणि खरं काय ते मी डोळ्यांनी बघून आलो होतो. मग मी तेवढंच का लिहू नये?

आत येऊन मी स्वतः लिहिलं. "माझे गावी माझ्या पतीच्या घराचे जोते आहे. त्यावर भिंती व छप्पर नाही. तेथे कोणासही राहता येत नाही. शिमग्यास देवीची पालखी त्या जोत्यावर येते, त्या दिवशी मी तेथे जाते. बाकी वर्षभर माझे राहणे महाड येथे आहे."

वाचून दाखवलं. ती म्हणाली, "परत वाचा." परत वाचलं. "पालखी येते ते लिवलंय?" मी बोट ठेवून दाखवलं. तिला वाचता येत नव्हतं, पण त्या ओळीवरून तिनं स्वतःचं बोट फिरवलं, आणि मग अंगठा दिला.

माझा अहवाल वाचून वरिष्ठांनी मला बोलावून घेतलं. "पालखी कशाला घातलीत यात?" म्हणून झापलं. मी म्हटलं, "साहेब, ती काढली तर अंगठा निघून जाईल." त्यांनी कपाळाला हात लावला आणि सही केली. काकूंवर खटला भरू नये अशी शिफारस मी केली होती. समज देऊन ते प्रकरण मिटवलं. समितीनंही जोतं म्हणजे घर नव्हे असं मान्य केलं, आणि यादीत बाईचं नाव राहिलं.

या केसनं मला काय शिकवलं, असं नवे फौजदार विचारत. मी त्यांना सांगायचो की कुणाला 'घर कुठे' असं विचारू नका. चूल कुठे पेटते ते विचारा, रात्री अंग कुठे टाकतोस ते विचारा. घर विचारलंत की आपल्याकडचा माणूस आपल्या मुळाचा पत्ता सांगतो आणि तुमच्या रकान्यात बसेनासा होतो. त्याला खोटारडा ठरवायला फार अक्कल लागत नाही. स्थानिक कोण, हे ठरवणारी अट चांगल्या हेतूनं केलेली असते, पण ती वापरणाऱ्यानं एकदा तरी डोंगर चढून आलं पाहिजे. हे काही मोठं तत्त्वज्ञान नाही. पण मी तरी वर्दीत असताना दुसरं एवढं उपयोगाचं काही शिकलो नाही.

पावसाळा संपल्यावर एका सायकल चोरीच्या तपासासाठी मी त्या नव्या घरांकडे गेलो होतो. एका दारात ती मुलगी सुपात तांदूळ निवडत बसली होती. वर्दीत तिनं मला ओळखलं नाही. पोलिसाला बघून पोरं पळतात, ही पळाली नाही. उंबऱ्यावरून हललीसुद्धा नाही.

"आय कुठाय गो तुझी?" मी विचारलं.

"काकूंकडं कामाला," ती म्हणाली. "सांजचं येते."

मी बरं म्हणून पुढे निघालो. तेव्हा मी काही विचारलं नसताना ती मागून म्हणाली, "रोज येते."